न्हाणीतलं जाळं

मी चंद्रपुरात एका दवाखान्याच्या हाडांच्या वॉर्डात सिस्टर होते. नव्वद सालानंतरची ही गोष्ट. म्हातारं माणूस खुबा मोडून आलं की बाकीचे विचारायचे, कुठं दुखतं, किती दिवस झाले. मी विचारायची, "कसे पडले?" आमचे डॉक्टर हसायचे. म्हणायचे, "सिस्टर, तुम्ही चुकून इकडे आलात, तुम्हाला पोलिसात जायचं होतं." हसोत बापडे. मला मात्र विचारल्याशिवाय राहवायचं नाही, आणि उत्तर ऐकलं की जीव जळायचा.

राजुऱ्याकडची एक आजी आली होती. चपलेचा अंगठा तुटलेला, तो सुतळीनं बांधला होता, ती सुतळी विहिरीच्या दगडात अडकली आणि बाई आडवी झाली. खुब्यात घालायची सळई बाहेरून विकत आणावी लागायची. त्यापायी तिच्या पोरानं घरची दुभती म्हैस विकली. मी त्या पोराला व्हरांड्यात गाठलं आणि चांगलं फैलावर घेतलं. "म्हैस विकायला वेळ भेटला तुम्हाला, चांभाराकडे जायला नाही भेटला? एक चहा कमी प्याले असते तर तेवढ्यात अंगठा शिवून झाला असता." तो चाळिशीचा बाप्या मान खाली घालून उभा राहिला. मी तोंडाची फटकळ, हे वॉर्डात सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा मला वाटायचं, आपण या लोकांचं भलंच करतो आहोत.

माझं माहेर नागभीडजवळच्या एका खेड्यात. गावाला मोठा तलाव, आणि आम्ही त्या तलावावर मासे धरणारी माणसं. माझा बा रोज पहाटे डोंगा घेऊन पाण्यात जायचा. डोंगा म्हणजे एका झाडाचं खोड कोरून केलेली नाव. ती त्याच्या बापापासून चालत आलेली. उजाडल्यावर तो पाळीला, म्हणजे तलावाच्या बांधाला लागला की तिथं माय टोपलं घेऊन बसलेली असायची. मासे निवडायचे, झिंगे वेगळे करायचे, वाटे लावून गावच्या बायांना विकायचे, हे तिचं काम. लग्न होऊन आली तेव्हापासून पाळीवरच्या बाभळीखालची ती जागा तिची. साठी उलटली, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्यानं अंधूकच दिसायचं, तरी तिनं जागा सोडली नाही. भावजय म्हणायची, "माय, तुमी घरी राहा, मी जाईन." तर माय म्हणायची, "मी नाई गेली तं यायच्याशी बोलाले कोन हाय तिथी?" 'यायच्याशी' म्हणजे बाशी. नवऱ्याशी बोलायला मिळावं म्हणून रोज एवढी पायपीट करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

घरामागच्या सांदवाडीत, बांबूच्या तट्ट्याच्या आडोशाला एक चपटा दगड होता. सारं घर त्यावर आंघोळ करायचं. एका हिवाळ्यात त्यावर शेवाळ धरलं, माय घसरली आणि मनगट मोडलं. मनगटावर भागलं. मी सुट्टी काढून धावत गेले आणि भाऊ, भावजय, बा, जो समोर दिसला त्याला बोलले. "आज मनगट हाय, उद्या खुबा असन. खुबा मोडला की माय खाटेवर. मंग न्या तिले खाटेसकट पाळीवर." भाऊ तर माझा धाकटा, तो मला घाबरूनच असायचा.

मी ठरवलं, मायला पक्की न्हाणी बांधून द्यायची. पगारातून बाजूला टाकलेले पैसे होते. उन्हाळ्यात नागभीडहून मिस्त्री आणला. मागच्या दारातून सरळ आत जाता येईल अशी न्हाणी बांधली, भिंतीला हातात धरायला लोखंडी पाइप बसवला. त्या पाइपचं मला कोण कौतुक. शेवटच्या दिवशी मिस्त्री खाली लाल सिमेंट घोटायला बसला. घोटून घोटून त्यानं ती जमीन इतकी गुळगुळीत केली की त्यात माझं तोंड दिसायला लागलं. "सिस्टरबाई, अशी घोटाई बंगल्यात बी नाई भेटनार," तो म्हणाला. मी खूश.

तेवढ्यात बा आला. खांद्यावर एक जुनं फेकजाळं होतं.

"मिस्त्री, जरा थांबा," तो म्हणाला. "वलं हाय तवरच यावर हे जाळं दाबू. ठसा उमटन. मंग पाय नाई सरकनार."

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं.

"डोंग्यात मी काय करतो?" बा मला समजावून सांगायला लागला. "तळाले जाळ्याचा तुकडा टाकतो, म्हून वल्या पायानं उभा राह्यतो. नुसत्या लाकडावर उभा राह्यलो असतो तं कवाच बुडलो असतो."

"बा, ते डोंग्यात चालते," मी म्हटलं. "पक्क्या न्हानीत जाळं उमटवलं तं लोक हासतीन. एवढा पैसा लावला म्या, तो कायले?"

मिस्त्री हसला. मीही हसले. बानं जाळं खांद्यावर सारखं केलं. "तुले समजते बाई, तू शिकली हायस," एवढं म्हणून तो निघून गेला. टोमणा नव्हता तो. त्याला खरंच तसं वाटायचं, आणि तेच मला आजही जास्त लागतं.

त्या जाळ्याचं सांगायला पाहिजे. गावात नायलॉनचा धागा नवा नवा आला तेव्हा मायनं ते विणलं होतं, चांगल्या जाड धाग्याचं. अर्धंअधिक झालं आणि तिला माझ्या वेळच्या कळा सुरू झाल्या. कळा येऊन राहिल्या आणि ही बाई ओळ पुरी करून उठते म्हणून विणतच बसली. त्या ओळीत चार घरं मोठी झाली, माणसाचं बोट सहज जाईल एवढी, आणि शेवटची गाठ दुहेरी पडली, चिंचोक्याएवढी. बानं ती कधी उसवली नाही. कित्येक वर्षं त्या जाळ्यानं मासे धरले, आणि जाळं रिकामं आलं की तो मला चिडवायचा, "तुह्या भोकातून पळाला, पाह्य. तुह्यापायी माहे किती मासे गेले, हिसाब नाई." मी लहानपणी खरं मानून रडायची. पुढं पातळ धाग्याची जाळी आली आणि ते आढ्याला टांगलं गेलं.

मायला न्हाणी फार आवडली. येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना आत नेऊन दाखवायची, "माह्या पोरीनं देल्ली." दिवसातून चारदा धुवायची. मी चंद्रपूरला परतले आणि वॉर्डात ज्याला त्याला सांगत सुटले, पक्की न्हाणी बांधा, पाइप लावा. माझ्याइतकं शहाणं त्या दिवसांत कोणीच नव्हतं.

मग पोळा आला. आमच्याकडे सणाच्या आदल्या दिवशी शेणानं सारं घर सारवायचं असतं. सारवल्याशिवाय जमीन सणाची होत नाही. मातीची जमीन शेणाचं पाणी पिऊन टाकते आणि घडीभरात वाळते. मायनं ओसरी सारवली, चुलीची खोली सारवली, आणि शेणाची बादली घेऊन न्हाणीत शिरली. भावजय म्हणाली, "माय, सिमिटाले शेन नाई लावत." माय म्हणाली, "सारं घर सारवू, अन् पोरीनं देल्लेली न्हानीच कोरी ठेवू? सनाच्या दिवशी?" आणि तिनं त्या आरशासारख्या जमिनीवर हातानं गोल गोल सारवण काढलं, घरातल्या सगळ्या जमिनींपेक्षा मन लावून.

सिमेंट काही पीत नाही. बाहेर दोन दिवसांची झड लागलेली, हवा ओली. ते सारवण वाळलंच नाही, साबणासारखं तसंच पसरून राहिलं. पोळ्याच्या सकाळी पाळीवर निघण्याआधी माय पाय धुवायला आत गेली. पाइप तिच्या उजव्या हाताला होता. हात तिथं पोचायच्या आत ती पडली.

दोन दिवस गावच्या हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या कमच्या बांधून ठेवल्या. तिसऱ्या दिवशी जीपमधून सगळे माझ्याच वॉर्डात आले.

मी ड्युटीवर होते. स्ट्रेचर आत आलं तसा मला आधी पाय दिसला, आखूड झालेला आणि बाहेर वळलेला. खुबा गेला, हे तोंड पाहण्याआधीच कळलं. तोंड पाहिलं तर माझी माय. डॉक्टर आले. ही माझी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. तपासता तपासता नेहमीसारखं म्हणाले, "हं सिस्टर, विचारा. कशा पडल्या?"

भाऊ खाली मान घालून उभा होता, अगदी त्या राजुऱ्याच्या माणसासारखा. मायच बोलली. "माही मीच पडली, साहेब. पोरीनं लय चांगली न्हानी बांधून देल्ली. मलेच चालता नाई आलं."

ऑपरेशन झालं. सळई आणली, जीपचं भाडं दिलं, भावाची मजुरी बुडाली, इतक्या माणसांचं खाणं-पिणं झालं. माझ्याजवळचे पैसे तर न्हाणीतच गेले होते. मग हे सगळं कुठून आलं, असं मी भावाला जिन्यात अडवून विचारलं. तो म्हणाला, बानं डोंगा विकला. पल्याडच्या गावचा एक जण घेऊन गेला. मायला सांगायचं नाही, अशी बानं सगळ्यांना तंबी दिली होती. मी तिथंच पायरीवर बसले. मला ती दुभती म्हैस आठवली आणि तिच्या मालकाला मी काय काय बोलले होते तेही शब्दाशब्दानं आठवलं. मला तर एका शब्दानं कोणी बोललं नव्हतं.

बा वॉर्डातच राहिला. मायच्या खाटेशेजारी फरशीवर बसून नवं जाळं विणायचा. माय रोज विचारायची, "डोंगा कुठी ठेवला?"

"बाभळीखाली पालथा घातला हाय."

"पानी शिरन."

"नाई शिरत. वरतून तनीस टाकली."

तनीस म्हणजे धानाचा पेंढा. रोज हाच प्रश्न आणि रोज हेच उत्तर. तो इतका सहज खोटं बोलायचा की एखाद्या दिवशी मलाही वाटायचं, असेलही डोंगा तिथंच.

दिवाळीच्या तोंडावर मायला घरी नेलं. मी पंधरा दिवसांची रजा काढली. हाड जुळून आलं होतं, डॉक्टरांनी वॉकर धरून चालायला सांगितलं होतं. खोलीतल्या खोलीत ती चालायची. पण न्हाणीचं दार आलं की थांबायची. "नको बाई. खाटेवरच पुसून दे." अशी माणसं मी वॉर्डात पुष्कळ पाहिली होती. हाड जुळतं पण मनात भीती बसते. आज न्हाणीत जात नाही, उद्या ओसरीवर येत नाही, आणि मग खाट धरली की माणूस उठतच नाही. मी समजावलं, रागावले, हातापाया पडले. ती नुसती म्हणायची, "उद्या." पुढं पुढं तिनं पाळीचं नाव काढणंच बंद केलं, आणि मग मात्र मी खरी घाबरले. तिची ती बाभळीखालची जागा आता गेली, आणि ती मी घालवली, असं मनात पक्कं झालं.

एका सकाळी न्हाणीतून ठकठक आवाज यायला लागला. जाऊन पाहते तर बा छिन्नी-हातोडी घेऊन बसलेला. जात्याला टाकी लावतात तशी ती लाल जमीन टोचत होता.

"वरतून नवा थर द्याचा हाय," तो मला म्हणाला. "असा टोचला म्हंजे धरते." जणू माझी परवानगी मागत होता.

मी त्याच्या हातातली छिन्नी घेतली. "सरक बा." आणि दिवसभर मी माझी ती घोटलेली जमीन टोचत बसले. हाताला फोड आले. बा दारात बसून बघत होता. मध्ये एकदाच म्हणाला, "मिस्त्रीनं काम लय पक्कं केलं होतं, बाई." मला हसूही आलं आणि डोळे भरूनही आले.

दुसऱ्या दिवशी थोडं सिमेंट आणून वर पातळ थर दिला. बानं आढ्याचं ते जुनं जाळं उतरवलं. नव्या जाळ्यांचा धागा बारीक, त्याचा ठसा उमटत नाही. दोघांनी दोन बाजूंनी ताणून ते ओल्या सिमेंटवर पसरलं आणि फळीनं दाबलं. सिमेंट जरा घट्ट होऊ लागलं तसं बानं एका कोपऱ्यातून जाळं हलक्या हातानं सोडवत वर घेतलं. खाली सगळीकडे घरं उमटली होती. मग जाळं तलावावर नेऊन धुतलं आणि आणून वळणीवर टाकलं. एक धागा तुटला नव्हता.

"पाह्य," तो म्हणाला, "जाळ्याचं काईच नाई बिघडलं."

मी वळणीवरच्या त्या ओल्या जाळ्याकडे बघत राहिले. हे काम फुकटात होण्यासारखं होतं. पहिल्याच दिवशी हा माणूस ते खांद्यावर घेऊन आला होता. तेव्हा मी हसले नसते तर मायचा खुबा शाबूत असता आणि डोंगा खरोखर बाभळीखाली असता. मनात ठेववेना, म्हणून बोलून टाकलं, "बा, माह्यापायी गेला तुहा डोंगा."

तो जाळ्याची टोकं सारखी करत राहिला. मग म्हणाला, "तुह्यापायी तं तू झाली तवापासून जाऊनच राह्यलं माहं. मासे का कमी गेले?"

आठ दिवस आम्ही त्या जमिनीला पाणी मारलं. नवव्या दिवशी भावजयीनं पाणी तापवलं आणि मी मायला घेऊन निघाले. दाराशी येऊन ती थांबली. वॉकर मागं घ्यायला लागली.

"नको, बाई."

बा बाहेर उभा होता. "एकच पाय ठेव," तो म्हणाला. "नाई जमलं तं काढून घे."

तिनं डावा पाय आत टाकला. खाली पाणी होतंच, मी मुद्दाम टाकलं होतं. पाय सरकला नाही. तिला जमीन काही नीट दिसत नव्हती, तिनं बोटांनी चाचपून पाहिलं. मग वॉकर दारातच सोडून दुसरा पाय आत घेतला. पाइप धरायचं ती विसरली आणि माझा हात घट्ट धरला.

"जाळं हाय का हे?"

"हाव."

ती एक पाऊल पुढं आली, मग आणखी एक. मासे निवडताना तिची बोटं चालायची तशी आता पायाची बोटं चालत होती. भिंतीजवळ आल्यावर तिचा अंगठा एका मोठ्या घरात गेला. मग शेजारच्या घरात. मग त्यापुढच्या. तिथं दुहेरी गाठीचा खोल ठसा होता, त्यावर तिनं अंगठा फिरवला आणि तशीच उभी राहिली.

"हे तं माहं जाळं हाय," ती म्हणाली. मग माझा हात ओढून मला जवळ घेतलं आणि खाली दाखवलं. "पाह्य. इथी तू झाली."

वॉर्डात मी रडले नव्हते, जिन्यात रडले नव्हते. तिथं मात्र लहान पोरीसारखी रडले. "माय, चुकलं माहं," मी म्हटलं. "म्याच पाडलं तुले."

"पानी टाक आधी," माय म्हणाली. "थंडी वाजून राह्यली."

मी तिच्या खांद्यावर ऊन ऊन पाणी ओतलं. बाहेरून बाचा आवाज आला, "पाळीवरच्या बाया इचारून राह्यल्या. काय सांगू त्यायले?"

"उद्या," माय म्हणाली.

आणि दुसऱ्या दिवशी ती खरंच गेली. एका हाताला मी, दुसऱ्या हातात काठी, टोपलं भावजयीच्या डोक्यावर. पोचायला नेहमीच्या तिप्पट वेळ लागला. बा पाण्यात गुडघाभर उभा राहून काठावरूनच जाळं फेकत होता. बाभळीखाली काही नव्हतं. मायनं तिकडं पाहिलं, डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं. बा जाळं घेऊन वर आला आणि तिच्यासमोर उभा राहिला, चोरी सापडलेल्या माणसासारखा.

"तनीस उडून गेली वाटते," माय त्याला म्हणाली. मग भावजयीकडून टोपलं घेतलं, समोर ठेवलं आणि आपल्या जागेवर बसली.